कादो

दहा हजार लेबलं छापून झाल्यावर
रॉटरडॅमहून मरैकेबाईचा फोन आला.
शब्द भलत्याच जागी तुटलाय, म्हणाली.
मी स्क्रीनवर पाहिलं. तुटला होता खरा.
लेबल साडेसहा सेंटिमीटर रुंद,
शब्द सोळा अक्षरांचा, मावेना,
तेव्हा संगणकानं सुचेल तिथं एक रेघ मारली
आणि उरलेला शब्द खालच्या ओळीत लोटून दिला.

शब्द डच. भेटीचं वेष्टन.
लाल खोका, आत आमच्या सावद्याच्या केळीचे वेफर्स.
त्यातलं वेष्टन त्यांच्या घरचं.
भेट, म्हणजे कादो, ती फ्रान्सहून आलेली, केव्हाची.
तिच्या शेवटी ई, ए, यू
हात धरून उभ्या,
तिघींचा मिळून आवाज एकच: ओ.
आमची रेघ ए आणि यूच्या मधून गेली होती.

फिरकेशेठ म्हणाले, रेघच ना?
एवढ्याशा रेघेपायी दहा हजार रद्दीत?
त्यांचंही चूक नव्हतं.
कागद गुळगुळीत होता, महागाचा.

मी मागच्या शेडमध्ये गेले.
सुपडू घडाच्या फण्या उतरवत होता.
कुठं कापायचं ते कसं कळतं रे?
त्यानं वरही पाहिलं नाही.
"दांड्याले लागून. जरासंक इकडेतिकडे झालं
का चीक सुटते. मंग डाग.
मंग माल वापस."

संध्याकाळी मरैकेबाईनं फोनवर टेबल वाजवून दाखवलं.
का हलकं. दो जड.
पुढचं सगळं उतारावरून.
आमचे शब्द बहुतेक पहिल्याच पावलावर जोर देतात, म्हणाली,
हा नाही देत.
इतकी वर्षं झाली, मागे एवढं लांब शेपूट जोडलं,
तरी वजन टाकतो ते दोवरच,
आला तेव्हा टाकत होता तसं.

मी हसले. तिला वाटलं लाइन खराब आहे.

मी साक्रीची. इथं येऊन अकरा वर्षं झाली.
इथले म्हणतात माह्या, मी म्हणते मना,
आणि दारातून जाणाऱ्या कुणालाही
"कथा चालनी व माय?" असं विचारते
तेव्हा नणंद पदरात तोंड लपवते.
शब्द मी बदलले पुष्कळ.
हेल राहिला.
रेशनकार्डावर चौकट लहान, नाव मोठं,
वर चंद्रक, खाली ला.
एकटा ला, पुढे नवऱ्याचं नाव.
कुणी तक्रार केली नाही. मीसुद्धा नाही.
साखर मिळत होती.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाली,
गंमत म्हणून सांगते,
त्या तिघींना शब्दाबाहेर काढून नुसतं उभं केलं ना,
तर फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो पाणी.

काठीनं पाणी दुभंगत नाही,
सासूबाई म्हणतात, दिरांची भांडणं झाली की.
आम्ही माउसनं दुभंगवलं होतं.

रात्री लाइट गेली, जनरेटरवर बसले.
अक्षरं अर्ध्या पॉइंटनं बारीक केली,
रेघ हातानं उचलून
दोच्या पलीकडे ठेवली.
एवढंच काम. चार मिनिटांचं.
आणि मग उगाच बसून राहिले,
पडद्यावरच्या त्या जागेकडे बघत,
जिथं आता दोन घरं लागून होती
आणि मधली भिंत बरोबर भिंतीच्याच जागी.

जुनी लेबलं वाया गेली नाहीत.
पाठकोऱ्या बाजूवर माझी मुलगी गुणाकार करते.
शेठनं तो खर्च
माझ्या नावावर टाकला का, ते पगाराला कळेल.

सकाळी सुपडूनं खोका हातात घेतला, उलटापालटा केला.
"काय लिव्हलंय व ताई?"
कादो.
"कादो," तो म्हणाला, पहिल्याच फटक्यात,
का नुसता चाटून गेला, आणि दो
खांद्यावरचा घड खाली ठेवताना
शेवटी जसा टेकतात,
तसा.